हात कोणाचा, ते आधी सांगा

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प हमखास असतो. नाव बदलतं: कधी ‘एआय व्हर्च्युअल माउस’, कधी ‘टचलेस कॉम्प्युटर कंट्रोल’, कधी ‘हँड जेश्चर रेकग्निशन युजिंग मशीन लर्निंग’. आत तेच असतं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर विद्यार्थी हात धरतो. तर्जनी सरकली की पडद्यावरचा बाण सरकतो. अंगठा आणि तर्जनी टेकली की क्लिक. चिमूट उघडत नेली की आवाज वाढतो, मिटत आणली की कमी होतो. परीक्षक दोन प्रश्न विचारतात, एक अचूकतेच्या टक्क्यांवर आणि एक ‘फ्यूचर स्कोप’वर. सही होते. ब्लॅक बुक, म्हणजे प्रकल्पाचा काळ्या बांधणीतला अहवाल, कपाटात जातं.

तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही: हा हात कोणाचा?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत तरी हा प्रश्न टाळता कामा नये. दहिवलीला वेणगाव रस्त्यावर कोंकण ज्ञानपीठ, भिवपुरी रोडला तासगावकर, खालापुरात कुंभिवलीला विश्वनिकेतन, रसायनीला पिल्लई. एवढ्याशा पट्ट्यात एवढी अभियांत्रिकी महाविद्यालयं. त्यांच्या फाटकाबाहेर भाताची खाचरं, वीटभट्ट्या, फार्महाऊसची बांधकामं, खोपोलीचे पोलादाचे कारखाने, घाटाच्या पायथ्याचं रेल्वेचं यार्ड. कामाने घडलेले, झिजलेले, मोडलेले सगळ्या तऱ्हेचे हात इथे आहेत. देशभर हा प्रकल्प तपासला जातो तो मात्र ट्यूबलाइटच्या उजेडात, वर्गमित्राच्या हातावर. मला याचा राग येतो, कारण तंत्र चांगलं आहे. वाईट असतं तर त्यावर शाई खर्च केली नसती.

किती चांगलं, ते थोडं मागे गेल्यावर कळतं. २००९ साली प्रणव मिस्त्रीने ‘सिक्स्थ सेन्स’ जगाला दाखवलं. मूळचा पालनपूरचा, पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकलेला, तेव्हा अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये संशोधन करणारा हा तरुण. गळ्यात कॅमेरा आणि छोटा प्रोजेक्टर, समोर येईल ती भिंत पडदा म्हणून, आणि बोटं माउस म्हणून. त्या चित्रफिती पुन्हा बघा आणि त्याच्या बोटांकडे लक्ष द्या. टोकांना लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या टोप्या आहेत. साध्या कॅमेऱ्याच्या चित्रात बोट भरवशाने ओळखणं तेव्हा अवघड होतं, रंगाचा ठिपका ओळखणं सोपं होतं. सगळी जादू त्या चार रंगांवर उभी होती. मिस्त्रीने ते लपवलं नाही, उलट त्यातूनच स्वस्तात काम साधलं.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१० मध्ये, मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आला. तो इन्फ्रारेड ठिपक्यांचं जाळं टाकून समोरच्या वस्तूचं अंतर मोजायचा, त्यामुळे रंगाच्या टोप्यांची गरज संपली. पण त्यासाठी वेगळं यंत्र विकत घ्यावं लागे. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग खपले, गिनीज बुकात नोंद झाली. २०१७ मध्ये उत्पादन बंद. घरातल्या लोकांनी चार दिवस हवेत हात फिरवले आणि पुन्हा बटणं हातात घेतली. त्याच किनेक्टला दुसरीकडे मात्र खरं काम मिळालं होतं, त्याकडे येतोच.

मग २०१९ मध्ये गुगलने ‘मीडियापाइप’ या मोफत संचात हाताचा माग काढणारं मॉडेल खुलं केलं. आता ना टोपी, ना खास यंत्र. लॅपटॉपवरचा साधा कॅमेरा पुरतो. काम चालतं ते असं: पहिलं मॉडेल चित्रात तळवा शोधतं. बोटांसकट अख्खा हात शोधत नाही, कारण बोटं दर क्षणाला आकार बदलतात आणि तळवा फारसा बदलत नाही. तळवा सापडला की दुसरं मॉडेल तेवढ्याच तुकड्यावर २१ बिंदू मांडतं. मनगट शून्य क्रमांकाचं, पुढे प्रत्येक बोटाला चार बिंदू. अंगठ्याचं टोक ४, तर्जनीचं टोक ८. प्रत्येक बिंदूची आडवी-उभी जागा मिळते आणि मनगटाच्या तुलनेत तो पुढे आहे की मागे, याचा अंदाजही मिळतो. पुढच्या चित्रात हात कुठे असेल ते या बिंदूंवरूनच ठरतं. हात निसटला तरच तळव्याचा शोध नव्याने सुरू होतो. एवढी काटकसर केल्यामुळे हे सगळं जुन्या लॅपटॉपवर, इंटरनेट नसतानाही चालतं. हे शिकवण्यासाठी माणसांनी सुमारे ३०,००० खऱ्या छायाचित्रांवर हाताने बिंदू मांडले, शिवाय संगणकाने तयार केलेले कृत्रिम हात वापरले.

आता विद्यार्थ्याचा वाटा बघा. बिंदू ४ आणि बिंदू ८ यांच्यातलं अंतर ३० पिक्सेलपेक्षा कमी झालं की क्लिक करायला सांगायचं. ही एक अट. शिकणं झालं ते गुगलच्या प्रयोगशाळेत. इथे लिहिलं गेलं ते ‘जर-तर’. काळ्या बांधणीवर सोनेरी अक्षरांत ‘मशीन लर्निंग’ छापायचं असेल तर आपण आपल्या यंत्राला नवीन काय शिकवलं, याचं उत्तर हवं. कुठला हात, कुठली खूण, कुठला उजेड? हे उत्तर नसेल तर शीर्षकातून तो शब्द काढावा. प्रामाणिक प्रकल्पाला ‘मीडियापाइप वापरून केलेलं नियंत्रण’ हे नाव पुरेसं आहे, त्यात कमीपणा नाही.

ती अटसुद्धा कच्ची असते. कॅमेऱ्याजवळ बसलात तर ३० पिक्सेल म्हणजे चिमूट. मागे सरकलात तर उघड्या बोटांमधलं अंतरही तेवढंच भरतं, आणि यंत्र न मागता क्लिक करत सुटतं. मनगटापासून मधल्या बोटाच्या मुळापर्यंतचं अंतर, म्हणजे बिंदू ० ते ९, घ्या आणि चिमटीचं अंतर त्याने भागा. हात लहान असो, मोठा असो, जवळ असो, लांब असो, गुणोत्तर बहुतांशी टिकतं. एका ओळीची दुरुस्ती आहे. ती न केलेले प्रकल्प सर्रास पास होतात, म्हणून इथे लिहावी लागते.

मूळ मुद्दा याहून मोठा आहे. टेबलापाशी बसलेल्या, दोन्ही हात धड असलेल्या माणसाला हवेतला माउस नको आहे. डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस जगासमोर चालवून दाखवला. त्यानंतर किती काही आलं आणि गेलं, माउस राहिला. कारण मनगट टेबलावर विसावतं आणि बोट जरासं दाबलं की काम होतं. हात खांद्याच्या उंचीला हवेत धरून बघा. काही मिनिटांत तो भरून येतो. उभे टचस्क्रीन वापरताना हेच दुखणं समोर आलं आणि त्याला ‘गोरिला आर्म’ असं नाव पडलं. २००२ च्या ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ सिनेमात टॉम क्रूझ हवेत हात फिरवून पडदे सरकवतो. त्या दृश्याने एका पिढीला वेड लावलं. सिनेमात ते दृश्य थोडा वेळ चालतं. तलाठी कार्यालयातल्या किंवा सायबर कॅफेतल्या माणसाला दिवसभर बसायचं असतं.

दुसरी अडचण खांद्याची नाही, अर्थाची आहे. माउसवरून हात उचलला की माउस गप्प बसतो. कॅमेऱ्यासमोरचा हात कुठे ठेवायचा? आपण बोलताना हात हलवतो, घाम पुसतो, पदर सावरतो, डास मारतो, चहाचा कप उचलतो. यातली आज्ञा कोणती आणि नुसती हालचाल कोणती? या क्षेत्रातले लोक याला ‘मायडास टच’ म्हणतात, ग्रीक पुराणकथेतल्या त्या राजावरून, ज्याने हात लावलेलं सगळं सोन्याचं होत गेलं आणि त्याला जेवताही येईना. प्रत्येक हालचाल आज्ञा ठरली तर हात वापरताच येत नाही.

या प्रश्नाचं उत्तर कर्जत स्टेशनात आहे. रोज लोकलने येणारे विद्यार्थी त्याच्या समोरून जातात.

बोरघाटाची चढण ३७ला १ इतकी आहे. लोहमार्ग सुरू झाला १८६३ साली, आणि आजही घाट चढणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. इंजिन गाडीला जोडायचं म्हणजे शेकडो टनांचा ऐवज माणसाच्या पावलाच्या वेगाने आणून टेकवायचा. गोंगाट, पाऊस, धुकं. तिथे हाताच्या खुणा चालतात, आणि त्या खुणा कुणाच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत. रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत त्या चित्रांसकट ठरवून दिलेल्या आहेत. दिवसा झेंडी, रात्री दिवा. आणि झेंडी नसेल तर नुसता हात. दोन्ही हात डोक्याच्या वर उंच धरले म्हणजे थांबा. एक हात स्थिर धरला म्हणजे चला. तोच हात वर-खाली हलवला म्हणजे जपून चला. जोडणीच्या वेळी दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांजवळ आणायचे आणि लांब न्यायचे, म्हणजे अगदी सावकाश.

यातून काय काय शिकण्यासारखं आहे ते बघा. खुणा मोजक्या आहेत. बोटांच्या नाहीत, अख्ख्या हाताच्या आहेत, कारण लांबून आणि धुक्यातून बोट दिसत नाही. ‘थांबा’ची खूण सगळ्यांत मोठी आहे, दोन्ही हातांची, आणि माणूस सहज बोलता बोलता चुकून ती करणार नाही. घाम पुसताना दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ जात नाहीत. खूण आज्ञा कधी ठरते, हा प्रश्न इथे खुणेच्या आकारातच सोडवलेला आहे. याउलट आपल्या प्रकल्पात सगळ्यांत धोकादायक आज्ञा, म्हणजे फाइल बंद करणं किंवा पुसणं, नुसत्या मुठीवर ठेवलेली असते. मूठ तर माणूस खुर्चीवरून उठतानाही वळतो.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम वेगळाच आहे. जिथे सिग्नल असायला हवा तिथे तो नसला, किंवा नीट कळेल असा नसला, तर त्याचा सर्वांत कडक अर्थ घ्यायचा, म्हणजे बहुधा ‘थांबा’. शंका म्हणजे थांबणं. आपलं मॉडेल नेमकं उलट वागतं. त्याला पाच खुणा शिकवल्या तर समोर काहीही आलं तरी ते पाचांपैकी एक निवडून मोकळं होतं, कारण सगळ्यांत जास्त गुण कुणाला तरी मिळतातच. म्हणून सहावा वर्ग लागतो: ‘काही नाही’. गुगलच्या तयार खुणा ओळखणाऱ्या मॉडेलात मूठ, उघडा पंजा, वर केलेला अंगठा, खाली केलेला अंगठा यांच्या जोडीला ‘काही नाही’ हा वर्ग ठेवलेला आहे. आपल्या प्रकल्पात तो बहुधा गाळला जातो, कारण त्यासाठी नमुने गोळा करणं कंटाळवाणं असतं: माणसं नुसती बसलेली, बोलणारी, खाजवणारी, जेवणारी. खरं मशीन लर्निंग तिथे आहे. पाच खुणांचे हजार नमुने घेण्यापेक्षा ‘काही नाही’चे हजार नमुने घ्या. त्यासोबत एक उंबरठा ठेवा: मॉडेलची खात्री अमुकपेक्षा कमी असेल तर यंत्राने काही करायचं नाही.

आता किनेक्टला मिळालेलं खरं काम. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात २०१२ च्या सुमारास रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सकांनी तो वापरून पाहिला. निर्जंतुक हातमोजे घातलेले असताना पडद्यावरची चित्रं फिरवायची, मोठी करायची, तर माउसला हात लावता येत नाही. एकतर दुसऱ्याला ओरडून सांगायचं, नाहीतर हात पुन्हा धुवायचे. तिथे हवेतली खूण हा थाट नाही, गरज आहे. घरात नको झालेलं तंत्र शस्त्रक्रियागृहात उपयोगी पडलं. म्हणजे विचारायचं ते इतकंच: हात कुठे अडकलेला आहे?

आपल्याकडे बघा. जुलैत लावणी सुरू असते. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर पाऊस. ओल्या पडद्यावर बोट चालत नाही, कारण टचस्क्रीन बोटाच्या विद्युतभाराचा अंदाज घेतो आणि पाण्याचा थेंबही त्याला बोटासारखाच भासतो. बांधावर ठेवलेल्या फोनला दुरून हात दाखवून आलेला कॉल घेता आला, तर त्या माणसाला ते हवं आहे. पोलादाच्या भट्टीजवळ जाड हातमोजे घातलेल्या कामगाराला पुढचा आकडा पडद्यावर आणायचा असतो. हातमोजा काढणं धोक्याचं, आणि गोंगाटात आवाजाची आज्ञा ऐकू जात नाही. दाताच्या दवाखान्यात रुग्णाच्या तोंडात दोन्ही हात असतात आणि एक्स-रे समोर पडद्यावर असतो. पिठाने, तेलाने, रक्ताने, सिमेंटने भरलेला प्रत्येक हात या तंत्राचा खरा मालक आहे.

‘मग बोलून का नाही?’ असं लगेच विचारलं जाईल. विचारावंच. गोंगाटाचं उत्तर वर आलं. दुसरं उत्तर या मातीचं आहे. कर्जत-खालापुरात कातकरी, ठाकूर, आगरी अशा बोली बोलल्या जातात. आवाज ओळखणारी यंत्रं शिकली ती बहुतांशी प्रमाण मराठीवर, तीही शहरी. कातकरी बोलीत दिलेली आज्ञा ती सहज चुकीची ऐकू शकतात. हाताच्या खुणेला बोली आडवी येत नाही. वाडीवरची आजी आणि होस्टेलवरचा मुलगा ‘थांब’ म्हणून तळहात पुढे करतात, तो सारखाच असतो.

पण हात सारखे नसतात, आणि इथे हा प्रकल्प खरोखर नापास होतो.

रेशनच्या दुकानात ई-पॉस यंत्रासमोर ‘थंब लागत नाही’ हे वाक्य ऐकू येतं. वीटभट्टीवर, खडी फोडताना, भांडी घासताना बोटाचे ठसे झिजतात. यंत्राला ते सापडत नाहीत आणि माणूस धान्यासाठी दुसऱ्या दिवशी परत येतो. यंत्र बनवणाऱ्यांनी हाताचा एक नमुना मनात धरला आणि कष्टाचा हात त्यात बसला नाही. कॅमेऱ्याच्या यंत्राला ठसा लागत नाही, हे बरंच आहे. पण तीच चूक तिथेही वेगळ्या रूपात होऊ शकते. गुगलच्या संशोधकांनी आपल्या शोधनिबंधात स्वतःच नोंदवलं आहे की त्यांच्या एका संचातली १०,००० चित्रं फक्त ३० माणसांच्या हातांची होती आणि मागची दृश्यंही फारशी बदलणारी नव्हती. दुसऱ्या संचांनी ती उणीव भरून काढायचा प्रयत्न त्यांनी केला. निदान त्यांनी सांगितलं तरी. आपल्या ब्लॅक बुकात ‘अचूकता’ असं शीर्षक देऊन मोठा आकडा छापतात, पण तो किती आणि कोणाच्या हातांवरून आला, ही ओळ नसते. ती ओळ नसलेला आकडा परीक्षकाने खोडावा.

मेंदी लावलेला हात घ्या. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेला हात घ्या, ज्यात मनगटाचा शून्य क्रमांकाचा बिंदू बांगड्यांखाली झाकला जातो. गोंदलेला हात घ्या. सांधे सुजलेला, बोटं पूर्ण सरळ न होणारा म्हाताऱ्या माणसाचा हात घ्या. त्याची ‘उघडी’ तर्जनी मॉडेलला अर्धी मिटलेली वाटते. मोतीबिंदूमुळे पडद्यापाशी वाकून बसणाऱ्याचा, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आलेला हात घ्या. यातला एक तरी तपासला का?

आणि बोट नसलेला हात. हे मॉडेल हात दिसला की २१ बिंदू देतंच. बोट कापलं गेलं असेल तर २० किंवा १७ बिंदू देऊन ‘इथे काही नाही’ असं ते सांगत नाही. नसलेल्या बोटाची जागा अंदाजाने भरतं. यंत्रात बोट गेलेल्या कामगारासमोर आपला प्रकल्प ठेवा. पडद्यावर त्याच्या गेलेल्या बोटाच्या जागी बिंदू नाचतील आणि आपल्या कोडातली तर्जनीची अट त्या नसलेल्या बोटावर चालेल. क्लिक कधी होईल ते देवाला ठाऊक. हे दुरुस्त करता येतं. ज्याला जी बोटं आहेत त्यांतलीच कोणतीही दोन निवडायची मुभा द्या. सुरुवातीला मिनिटभर त्याचा हात बघून त्याच्या सोयीची खूण त्याच्याकडूनच नोंदवून घ्या. २१ बिंदूंवरून माणसागणिक छोटं वर्गीकरण शिकवायला साध्या लॅपटॉपला फार वेळ लागत नाही, नमुनेही थोडे पुरतात. मुखपृष्ठावरचा ‘लर्निंग’ शब्द असा मिळवता येतो.

थरथरणाऱ्या हाताचंही तसंच. पक्षाघातानंतर किंवा कंपवातात हात हलतो, आणि पडद्यावरचा बाण त्याहून जास्त हलतो. प्रकल्पात बाण स्थिर दिसावा म्हणून मागच्या काही चित्रांची सरासरी घेतात; तेवढ्याने बाण संथ होतो आणि मागे राहतो. २०१२ मध्ये ‘वन युरो फिल्टर’ नावाची पद्धत प्रसिद्ध झाली, तिचं तत्त्व सोपं आहे: हात हळू चालला असेल तर जास्त गुळगुळीत करा, वेगाने चालला असेल तर कमी. ती लिहायला थोड्याच ओळी लागतात. निरोगी विद्यार्थ्यासाठी हा सादरीकरणाचा गुळगुळीतपणा आहे. कंपवात असलेल्या माणसासाठी मुलाच्या व्हॉट्सॲपला स्वतः उत्तर देता येणं आहे. हात अजिबातच हलत नसेल तर चेहरा आहे. गुगलने २०२३ मध्ये ‘प्रोजेक्ट गेमफेस’ खुला केला. भुवई उचलणं, तोंड उघडणं, मान वळवणं यांवर त्यात माउस चालतो, आणि त्याची प्रेरणा मानेखालचं शरीर न चालणारा एक व्हिडिओ गेम खेळाडू होता. तिथे माणूस आधी होता, प्रकल्प नंतर आला.

एका मोहापासून मात्र विद्यार्थ्यांना आवर्जून परावृत्त करतो. हाताचे बिंदू मिळाले की ‘आम्ही मूकबधिरांसाठी सांकेतिक भाषेचा अनुवादक केला’ असं जाहीर करायची घाई होते. इंग्रजीची २६ अक्षरं बोटांनी ओळखणं म्हणजे सांकेतिक भाषा नव्हे. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. भुवया, ओठ, मान, खांदे हे सगळं त्या व्याकरणात बोलतं, आणि प्रश्न आहे की विधान हे पुष्कळदा चेहऱ्यावरून कळतं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने १०,००० शब्दांचा कोश केला आहे. तो न उघडता, एकाही कर्णबधिर माणसाला न भेटता केलेला अनुवादक त्या समाजाला अपमानकारक वाटला तर चूक त्यांची नाही.

कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट पक्की ठरवा. सतत उघडा कॅमेरा शेतात, दवाखान्यात, घरात ठेवायचा असेल तर चित्र साठवायचं नाही. २१ बिंदू काढले की चित्र टाकून द्या. मॉडेल यंत्रातच चालतं, चित्र कुठेही पाठवायची गरज नाही. ही सोय तंत्रातच आहे. वापरली नाही तर दोष आपला. नमुने गोळा करताना चेहरा चौकटीत घेऊ नका, आणि कशासाठी घेतोय ते समोरच्याला त्याच्या बोलीत सांगा.

महाविद्यालयांनी काय करावं? मार्गदर्शकाने प्रकल्पाचा विषय मंजूर करताना एकच कागद मागावा: कोणत्या माणसाचा हात, काय करताना, कशात अडकलेला असतो. त्या कागदावर माणसाचं काम लिहिलेलं नसेल तर विषय परत पाठवावा. रुग्णालय, शेत, कारखाना, वाडी, सगळं बसच्या अंतरावर आहे. कर्जतलाच भाताचं संशोधन करणारं कोकण कृषी विद्यापीठाचं केंद्र आहे. तिथे लावणीच्या हंगामात हात चिखलात घालून काम करणारी माणसं आहेत. घाटाखाली हाताच्या खुणा रोज वापरणारे रेल्वे कर्मचारी आहेत. त्यांच्या कामाच्या जागी परवानगीशिवाय जाऊ नका, पण ड्यूटी संपल्यावर चहाला बसून विचारा: खूण चुकीची वाचली जाऊ नये म्हणून तुम्ही काय करता? खुणा कशा ठरवाव्यात, याचे त्यांच्याइतके जाणकार प्राध्यापक या तालुक्यांत नाहीत.

परीक्षेत गुण द्यायची पद्धतही बदलायला हवी. अचूकतेच्या आकड्याला आज जेवढे गुण आहेत त्यांतले अर्धे काढा आणि ‘किती वेगळ्या हातांवर तपासलं’ याला द्या. नापास झालेल्या हातांची यादी लपवायची नाही, छापायची. चुड्याच्या हातावर चाललं नाही, कापलेल्या बोटावर चाललं नाही, संध्याकाळच्या उजेडात चाललं नाही: अशी तीन पानं असलेलं ब्लॅक बुक पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला उपयोगाचं असतं. तो तिथून पुढे जाईल. आज प्रत्येक तुकडी पहिल्यापासून तोच आवाज कमी-जास्त करणारा हात बनवते.

आणि ज्यांचे हात नमुन्यासाठी घ्याल त्यांना फुकट बसवू नका. लावणीच्या दिवसांत माणसाचा अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी. मेंदीचा हात, गोंदलेला हात, बोट गेलेला हात दाखवायला कुणी दिवसभर थांबलं तर त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्या, जायच्या-यायच्या भाड्यासकट. प्रकल्पाच्या खर्चाच्या तक्त्यात छपाई, बांधणी, वेबकॅम अशा ओळी असतात. ही रक्कम त्या सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत लिहा.